तीन नंबरच्या खिडकीचे शेवटचे कागद

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सहासष्ट, विद्यापीठाच्या परदेशी शिक्षण कक्षातून निवृत्त झालेली लिपिक, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, पुढच्या खोलीतल्या खुर्चीत ताठ बसून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे तेवढे सांगवत नाही. डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे ते एक तृतीयांशच काम करते, आणि मी नीट वागले तर वर्ष-दोन वर्षे काढील. एक तृतीयांश काम करून पूर्ण पगार उचलणारी माणसे मी कचेरीत पुष्कळ पाहिली असल्यामुळे मला त्याचे फारसे नवल वाटले नाही. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही, की गोड बोलून बसवलेले नाही. उलट माझी भाची गेले तीन दिवस ‘मावशी, हे काय अभद्र घेऊन बसलीस’ म्हणत माझ्या हातातले पेन काढून घेते आहे.

मी सदतीस वर्षे कक्षातल्या तीन नंबरच्या खिडकीमागे बसले. बाहेरच्या देशांत शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलांना कोणते पर्याय आहेत ते सांगायचे, अर्ज तपासायचे, कागद जोडायचे, हे माझे काम. त्यामुळे विद्यापीठात मला सगळे ‘तीन नंबरच्या बाई’ म्हणतात, आणि खरे नाव विचारले तर चारचौघांना आठवायचे नाही. मी लग्न केले नाही. मला एक धाकटी बहीण होती, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ती आठ वर्षांपूर्वी गेली. तिची मुलगी, वर सांगितलेली भाची, तेव्हापासून माझ्याजवळ आहे. तिच्या वडिलांनी दुसऱ्या गावी दुसरे घर मांडले आहे. ते सुखात असोत, त्यांचा या कागदाशी संबंध नाही.

कलम १. माझे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, हे माझ्या पश्चात संपूर्णपणे भाचीचे. न्हाणीघराचे दार जरा वर उचलून लावावे लागते, हे तिला ठाऊक आहे; भाडेकरू ठेवल्यास त्याला आधी सांगावे, नाहीतर तो आत अडकून बोंबलत बसेल.

कलम २. बँकेतली ठेवही भाचीची. आकडा पासबुकात आहे, इथे लिहून मिरवण्याजोगा नाही.

कलम ३. माझ्या कामाच्या वस्तू, म्हणजे कागदांना भोके पाडायचे जुने यंत्र, काचेचे वजन आणि पर्यायांच्या कार्डांच्या दोन पेट्या, आता तीन नंबरवर बसणाऱ्या मुलीला द्याव्यात. हल्ली सगळे संगणकावर असते हे मला माहीत आहे. पण समोर बसलेल्या पोराचा चेहरा संगणकाला दिसत नाही, म्हणून तिने कार्डे एकदा तरी वाचावीत. एका सत्रासाठी जाऊन परत येणे, पूर्ण पदवीच तिकडे घेणे, दोन विद्यापीठांची मिळून एक पदवी, सुट्टीतला चार आठवड्यांचा अभ्यासक्रम, असे सगळे पर्याय त्यांत आहेत. कोणाला कोणता सुचवावा, याचे माझे साधे गणित होते. जो आधी हवामान विचारतो, त्याला सुट्टीतला अभ्यासक्रम द्यावा. जो मित्र कुठे चालला आहे ते विचारतो, त्याला दुसऱ्या दिवशी एकट्याला बोलवावे. आणि जी मुलगी तिथले ग्रंथालय किती वाजता बंद होते असे विचारते, तिला पूर्ण पदवीचाच फॉर्म काढून द्यावा, ती परत येईल की नाही याची काळजी आपण करू नये. प्रत्येक कार्डाच्या तळाशी शाईने लिहिलेला एक पर्याय आहे: ‘इथेच राहणे’. तो खोडू नये. तोही पर्याय आहे आणि पुष्कळांना तो कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा लागतो.

कलम ४. आता जुनी येणी. आमचे एक कक्षप्रमुख, ज्यांना आम्ही पाठीमागे ‘शिक्कासाहेब’ म्हणत असू, त्यांनी वर सांगितलेला पर्याय छापील तक्त्यातून काढून टाकला. “बाई, आपण जायचं सांगायला बसलोय, राहायचं सांगायला नाही,” असे त्यांचे म्हणणे. पुढची एकोणीस वर्षे मी तो प्रत्येक तक्त्यावर हाताने लिहिला, आणि त्यांनी ते एकदाही पाहिले नाही, कारण ते न वाचताच शिक्का मारत. त्यांना मी माझी जुनी दौत देते. फाटकासमोर दुकान थाटून बसलेल्या एजंटाला, जो प्रत्येक मुलाला एकाच विद्यापीठाचा रस्ता दाखवी कारण दलाली तिथूनच मिळे, माझे बारीक अक्षर वाचायचे भिंग द्यावे. त्याच्या करारपत्राच्या शेवटच्या पानावर त्याने स्वतः ते एकदा फिरवावे. यापलीकडे माझे कोणाशी वैर नाही.

कलम ५. मुलांनी धाडलेल्या वस्तू मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत आहेत. बसची तिकिटे, एक वाळलेले पान, समुद्रकाठचे गोटे, पहिल्या पगारातून घेतलेला हातरुमाल, बाळांचे फोटो. सरकारी नोकरीत माणसाला इतके मिळत नाही. मी स्वतः कधी विमानात बसले नाही, पण कोणत्या गावात कोणत्या महिन्यात संध्याकाळी चारला अंधार पडतो हे मला तोंडपाठ आहे, आणि ते मला माझ्या पोरांनी शिकवले. पेटी भाचीने ठेवावी किंवा टाकावी, पण टाकण्यापूर्वी एक दुपार काढून बघावी.

सगळ्यांत मोठे देणे दोघांचे. एक, शेजारच्या खिडकीवरच्या चार नंबरच्या बाई, तीस वर्षांपासूनची माझी मैत्रीण, जिने माझा डबा आपला मानला आणि माझे तोंड सहन केले. दुसरा, चौकातला चष्मेवाला. तो वीस वर्षांपूर्वी मोठी शिष्यवृत्ती घेऊन गेला आणि सहा आठवड्यांत परत आला. करमले नाही, बस्स. घरचे बोलेनात, मित्र हसले. तो खिडकीशी येऊन मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा मी त्याला शिक्षण सोडून परत आलेल्यांचा नऊ नंबरचा फॉर्म दिला, आत बोलावून चहा पाजला आणि सांगितले की हा फॉर्म छापलेला आहे, याचा अर्थ तुझ्याआधी पुष्कळ जण परत आलेले आहेत. तेवढ्यावर तो माणूस आजतागायत माझ्या चष्म्याच्या काचा बदलून देतो आणि औषधे आणतो. हे दोघे या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे कळल्यामुळे टेबल आणि भिंतीवरचे घड्याळ मी त्यांना मागच्या आठवड्यातच देऊन टाकले. म्हणून हे मी मांडीवर पाट घेऊन लिहीत आहे.

कलम ६. हे कलम खोडलेले आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे. त्यात काय होते ते सांगते, म्हणजे पुढे कोणी तर्क लढवू नयेत. भाची श्रवणयंत्रांचा अभ्यास करते. ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना पहिला आवाज कसा द्यावा, हे शिकण्यासाठी तिला एका परदेशी विद्यापीठात वर्षभराची जागा मिळाली आहे. पदवी इथलीच, मधले एक वर्ष तिकडे, असा पर्याय. गेल्या वर्षी माझे दुखणे निघाले म्हणून तिने जागा पुढे ढकलली. ढकलायची मुभा एकदाच असते. उद्या शुक्रवारी तिला हो किंवा नाही कळवायचे आहे, आणि ती नाही म्हणणार आहे. म्हणून मी लिहिले होते की भाची गेली तरच घर तिचे, न गेल्यास विकून विद्यापीठाला द्यावे. चार नंबरने ते वाचले आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. “हे मृत्युपत्र आहे की प्रवेशाची अट?” ती म्हणाली. “पोरीला घराबाहेर काढून परदेशी पाठवणार तू?”

मी कलम खोडले. घर तिचे, ती गेली तरी आणि राहिली तरी.

कलम ७. हे कलम मालमत्तेचे नाही. पण मी मेल्यावर ते कोणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे घालते.

छत्तीस वर्षांपूर्वी माझ्या बहिणीला खडकांच्या अभ्यासासाठी पूर्ण पदवीची जागा मिळत होती. आईवडील नव्हते, तिला मीच वाढवली होती. तिचे सगळे कागद माझ्याच हातून गेले. त्या काळी गुणपत्रक बंद पाकिटात पाठवत, पाकिटाच्या तोंडावर आडवा शिक्का आणि त्यावरून सही. ते वाटेत उघडले की आतला कागद खरा असूनही बाद. मी नोकरीत सात वर्षांची झाले होते, तेव्हा नियम माहीत नव्हता असेही म्हणता येत नाही. एका विषयाचे गुण चुकीचे चढले असावेत अशी शंका आली, असे मी सर्वांना सांगितले. मी पाकीट घरी आणले, किटलीच्या वाफेवर धरून उघडले. गुण बरोबर होते. मी ते खळीने चिकटवले आणि धाडून दिले. दीड महिन्याने ते परत आले. तोंड उघडलेले आढळले, अर्ज विचारात घेता येत नाही.

बहिणीने पाकीट उलटसुलट करून पाहिले. त्या दिवशी ती नेहमीसारखी जेवली, झोपली. सकाळी वेणी घालता घालता म्हणाली, “ताई, मी जायला नको होतं ना तुला? मग तसं म्हणायचं. कदाचित मी राहिले असते, कदाचित तरीही गेले असते. पण ठरवलं मी असतं.”

मी गुणांची गोष्ट पुन्हा सांगू लागले, तर ती नुसती हसली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. शाळेत भूगोल शिकवला, संसार केला, आणि शेवटच्या दुखण्यात तेरा वर्षांची पोर माझ्याच हातात दिली, जिने तिचे पाकीट उघडले तिच्या. याबद्दल मी तिची किती ऋणी आहे, हे लिहिण्याइतका कागद या घरात नाही. तिचे म्हणणे खरे होते. गुणांची शंका मला कधीच आली नव्हती. ती गेली तर मी या घरात एकटी कशी राहू, एवढेच माझ्या पोटात होते.

त्यानंतर खिडकीवर आलेल्या प्रत्येक मुलाला मी एक प्रश्न विचारत आले: तू जाऊ नयेस असे घरात कोणाला वाटते, आणि त्यांनी ते तुला सांगितले आहे का? पुष्कळांना ती नसती चौकशी वाटली. मी विचारत राहिले.

कलम ८. भाचीसाठी. गेले सहा महिने मी तुला रोज सकाळी ढोसते आहे. बॅग काढून ठेवली, स्वेटर विकत आणला, चष्मेवाल्याला डॉक्टरांकडच्या फेऱ्या वाटून दिल्या. माझे काही अडत नाही, मी ठणठणीत आहे, असे म्हणत राहिले. ते खोटे आहे. तू जाऊ नयेस असे मला वाटते. जिन्यावर तुझी पावले वाजली की माझा जीव भांड्यात पडतो. वर्षभर ती वाजणार नाहीत, आणि वर्ष संपेपर्यंत मी असेन की नाही कोणी सांगू शकत नाही. मी मधेच गेले तर तुला त्याच दिवशी कळवावे, तुझी परीक्षा आहे वगैरे कारण काढून लपवू नये. यायचे की पेपर द्यायचा, ते तू ठरव. उद्याचेही तूच ठरव. मला काय वाटते ते तुला सांगायचे राहिले होते, ते आता सांगून झाले.

कलम ९. हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूपर्यंत बंद ठेवायचे नाही. सह्या झाल्या की आजच, माझ्यासमोर, चार नंबरच्या बाईंनी ते भाचीला वाचून दाखवावे.

वरील सर्व मजकूर माझा आहे, शाई माझी आहे, आणि चुका असल्यास त्याही माझ्याच. खाली नमूद दोघांनी मला सही करताना पाहिले व मी त्यांना.

सही: तीन नंबरच्या बाई
साक्षीदार: १. चार नंबरच्या बाई (सही)  २. चौकातला चष्मेवाला (सही)
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: गुरुवार, मुदतीचा आदला दिवस, दुपारी चार

पुरवणी, त्याच दिवशी, साडेपाच वाजता.

कलम ९ प्रमाणे वाचन झाले. सातव्या कलमाला चार नंबरने कागद चष्मेवाल्याच्या हातात दिला, पुढचे त्याने वाचले. भाची दाराला टेकून उभी होती.  वाचून झाल्यावर ती माझ्या खुर्चीशी येऊन खाली बसली.

“मावशी, मला वाटायला लागलं होतं की मी तुला नकोशी झालेय,” ती म्हणाली. “सहा महिने नुसती जा, जा, जा. नकोसं झालेलं माणूस घर सोडून जातं कसं? ते अजून चिकटून बसतं.”

मी म्हटले, “अगं, नकोशी कशी होशील?”

“मी जाऊ नये असं किती वाटतं?”

“खूप. रोज वाटतं.”

ती माझ्या गुडघ्यावर डोके ठेवून रडली. मीही रडले, ते लिहायला हरकत नाही. मग तिने नाक पुसले आणि म्हणाली, “एवढंच ऐकायचं होतं. मी जाते. वर्षाने येते. तोवर औषधं वेळेवर घ्यायची.”

तिने तिथेच जमिनीवर बसून फोनवर उत्तर लिहिले. पाठवण्याआधी ‘मावशी, तपासून बघतेस?’ असे तिने विचारले. मी नको म्हटले.

सही: तीन नंबरच्या बाई
साक्षीदार: वरीलप्रमाणे दोघे (सह्या)