एक शब्द मोकळा सोडला आहे

इताउग्वा, जुलै

प्रिय निमिया,

कागदावरचं पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: कोणी आजारी नाही आणि कोणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे. फोन करत नाही, कारण तू उचलत नाहीस. आई गेल्यापासून उचलत नाहीस, आणि त्याबद्दल आज मला काही म्हणायचं नाही. बुएनोस आयर्सच्या बसवरचा एलाद्यो अजून लोकांची पार्सलं नेतो. हे पत्र चिपाच्या पुडक्यात घालून त्याच्याकडे देणार आहे. चिपा पोहोचेपर्यंत दगड होईल, पण दुधात बुडवून खाशील, ठाऊक आहे मला.

मिर्ता ओसुना आठवते ना? पहिल्या बाकावरची, आपण काय कुजबुजलो ते मदरना जाऊन सांगणारी. आता ती निवृत्त आहे आणि सांगायला मदर उरल्या नाहीत, म्हणून आम्हाला कामं सांगते. आपल्या शाळेच्या जुन्या मुलींचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यावर तिने मे महिन्याच्या शेवटी फर्मान काढलं. जूनभर रोज एक लेख, प्रत्येकीच्या आपापल्या ब्लॉगवर. एक दिवस चुकला की बाहेर. वीसेक जणींनी हात वर केले. मी सगळ्यात शेवटी केला. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांकडून निबंध लिहून घेतले, त्यांच्या वह्या लाल केल्या, आणि स्वतः एक पान लिहिलं नव्हतं. म्हटलं, आता आपण लिहू आणि लोकांना लाल करू दे.

पहिल्या दिवशी मी कर्तव्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी शिस्तीवर, तिसऱ्या दिवशी वेळेच्या मोलावर. पाचव्या दिवशी माझं शहाणपण संपलं. हसू नकोस. सहासष्ट वर्षांत साठवलेलं शहाणपण पाच दिवस पुरतं, ही मी या महिन्यात शिकलेली पहिली गोष्ट. वाचणारे तिघे होते, आणि त्यांतली एक मी, कारण लेख नीट चढला का ते उघडून बघायचे तेही यंत्र मोजतं. सहाव्या दिवशी डोकं रिकामं करून बसले होते, तेवढ्यात शेजारच्या दोन्या सेल्साचा कोंबडा भर दुपारी आरवला. त्याचं नाव कर्नल. तो पहाटे झोपतो आणि लोकांची दुपारची झोप मोडतो. दुसरं काही सुचेना म्हणून मी त्याच्यावर लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दीडशे लोकांनी वाचलं.

त्यात दोन्या सेल्साही होती, तिने नातीकडून वाचून घेतलं होतं. कंबरेवर हात ठेवून दारात उभी. “मास्तरीणबाई, आख्ख्या देशासमोर माझ्या कोंबड्याला खुळा म्हणालात.” मी म्हटलं, तुमचं नाव कुठे घातलंय. तर म्हणाली, “माझं नाही घातलं तेच तर दुखतंय. कर्नलचं घातलंत आणि त्याला दाणे टाकणारीचं नाही.” मग मी तिचंही घातलं. तेव्हापासून ती रोज सकाळी केस विंचरून कुंपणापाशी यायची आणि विचारायची, “आज माझ्यावर काही आहे का? नसेल तर मी कामाला लागते.” कर्तव्यावर लिहिताना मला कोणी असं विचारलं नव्हतं. मोठ्या शब्दांकडे कोणी आपला चेहरा शोधायला येत नाही. कोंबड्याकडे येतं.

पुढचा आठवडा मात्र मी आकड्यांपायी वाया घालवला. आज किती जणांनी वाचलं, कालपेक्षा कमी का, मिर्ताला किती. दुधाच्या भांड्यावर नजर ठेवावी तशी फोनवर ठेवून बसायचे. मिर्ता स्वतः रोज आपल्या व्हरांड्यातल्या ऑर्किडवर लिहायची आणि तिला माझ्यापेक्षा जास्त वाचक असायचे, हे सोसायला मला चार दिवस लागले. हळूहळू निम्म्या जणी गळाल्या. एकीला नातू झाला, एकीला कंटाळा आला, एक तर नुसतीच विसरली. मी टिकले ते काही प्रतिभेमुळे नाही. मदर इमाकुलाता रोज पहिल्या तासाला पान कोरं दिसलं की पट्टी उगारायच्या, ती पट्टी माझ्या पाठीत अजून आहे. त्यांना दूषणं देणं सोपं आहे, पण कोरं पान मला अजून बघवत नाही, हे त्यांचंच देणं.

त्यांचं दुसरं देणंही तुला माहीत आहे. शाळेत गुआरानी बोललं की मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायचे. तुझ्या गुडघ्यांवर दाण्यांचे वळ असायचे आणि आई रात्री त्यावर चरबी चोळताना म्हणायची, “अगं, तुझी जीभ जरा दप्तरात ठेवत जा.” माझे गुडघे स्वच्छ राहिले. मी फाटकात शिरताना ती भाषा चपलांसारखी बाहेर काढून ठेवायचे. पुढे तशीच सवय झाली. शिकवलं स्पॅनिशमध्ये, नवऱ्याशी भांडले स्पॅनिशमध्ये, प्रार्थना स्पॅनिशमध्ये. ब्लॉगही अर्थातच स्पॅनिशमध्ये, प्रत्येक स्वल्पविराम जागच्या जागी.

मग सान हुआनच्या सणाआधी मला ताप आला. पाय बर्फासारखे आणि डोकं तव्यासारखं. मिर्ताने निरोप पाठवला, “आजारी असशील तर सोडून दे, कोणी काही म्हणणार नाही,” आणि तिची ती दया वाचून मी उठून बसले. कोसिदो करायला घेतला. साखर आणि येर्बाची पानं निखाऱ्यावर जाळली, पण धूर नुसता डोळ्यांत गेला, वास काही आईच्या कोसिदोसारखा येईना. कपात ओतला तर कडू. तसाच पीत पांघरुणात बसून तीन ओळी लिहिल्या आणि न वाचताच चढवल्या. ताप आहे. कोसिदो केला, जमला नाही. आमची आई साखर जाळायची तेव्हा वासानेच अर्धं बरं वाटायचं. बस, एवढंच. पण ती तिसरी ओळ स्पॅनिशमध्ये उतरलीच नाही. तापात माझ्या बोटांनी ती गुआरानीत लिहिली. इतक्या वर्षांत मी त्या भाषेत लिहिलेलं पहिलं वाक्य.

स्पॅनिशमध्ये एकच शब्द आहे गं, ‘नोसोत्रोस’. त्या शब्दाच्या घरात कोण आत आहे आणि कोण अंगणात उभं आहे, ते कळत नाही. आपल्या भाषेत लपता येत नाही. ‘ओरे’ म्हटलं की आम्ही, ऐकणारा सोडून. ‘न्यांदे’ म्हटलं की आपण, ऐकणाऱ्यासकट. वाचणारे सगळे परके, म्हणून माझ्या बोटांनी आपसूक ‘ओरे’ लिहिलं. आमची आई. तुमची नव्हे.

सकाळी घाम येऊन ताप उतरला होता. फोन उघडला तर त्या तीन ओळींखाली कोणीतरी, नाव न घालता, तीनच शब्द लिहिले होते. “ओरे नाही. न्यांदे.”

माझ्याआधी मिर्ताने ते पाहिलं होतं आणि तिच्यातली शिक्षिका जागी झाली होती. तिने खाली लांबलचक उत्तर दिलं होतं, की अनामिक वाचकाने कृपया व्याकरण पाहावं, लेखिका अनोळखी लोकांशी बोलते आहे, तेव्हा ‘ओरे’ हेच शुद्ध. तिच्या मागून आणखी चारपाच जणींनी आपलं ज्ञान पाजळलं. एका गृहस्थांनी तर अनामिक व्यक्ती बहुधा परदेशी असावी, असा निष्कर्ष काढला. मी अंथरुणात बसून सगळं वाचलं आणि खूप दिवसांनी मोठ्याने हसले. मिर्ताचं बरोबरच होतं, व्याकरणात तिचं कधी चुकत नाही. पण माझी आई ही ‘आपली आई’ आहे असं मला सांगू शकेल अशी व्यक्ती जगात एकच आहे. आपल्याला तिसरं भावंड नाही.

मी खाली एवढंच लिहिलं, “दुरुस्ती मान्य.” तुला त्याहून जास्त काही लिहिलं असतं तर तू पळाली असतीस. पाच वर्षांत मी तुला काही कमी निरोप पाठवले नाहीत, पण सगळे तुझ्या दाराशी येऊन उभे राहणारे. या ब्लॉगचं तसं नाही, हे मला त्या सकाळी कळलं. तो खिडकीतल्या दिव्यासारखा. रस्त्याने जाणारीने बघावं, थांबावं, हाक न मारता पुढे जावं. तू कधीपासून थांबत होतीस मला ठाऊक नाही. बहुधा कर्नलपासून.

त्या दिवसापासून मी महिन्याचे उरलेले लेख ‘न्यांदे’मध्ये लिहिले. आपली आई, आपलं अंगण, आईने ताणलेल्या कापडावर विणलेली आपली न्यांदुतीची जाळी, आपण चोरलेले पेरू. मी तुझ्या एकटीसाठी लिहीत होते, आणि गंमत बघ, सगळ्या गावाला ते आपल्यासाठीच वाटलं. लोक खाली आपापल्या आया सांगायला लागले. आकडे किती झाले ते मिर्तानेच मला सांगितलं, जरा ओठ आवळून. मी बघणं सोडलं होतं. दोन्या सेल्सा मात्र कुंपणाशी येऊन म्हणाली, “आपली आई? मला कधी पाजलंन् तिने? उलट माझी मोठी परात नेली ती परत नाही दिली.” मग म्हणाली, “बरं, असू दे. माझीपण.”

सेल्साबद्दलची एक गोष्ट मी ब्लॉगवर लिहिली नाही, ती तुझ्यासाठी ठेवली. आईच्या दफनाच्या दिवशी साथीमुळे सीमेवरचा पूल बंद होता, इथे दहा माणसांना परवानगी होती, आणि तू पलीकडे होतीस. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला एकदोघी कुजबुजल्या, की धाकटी आलीच नाही. ते तुझ्या कानावर कोणी घातलं हे मला कधी कळलं नाही. पण त्याच दिवसाची दुसरी बाजू तुला कोणी सांगितली नसणार. खड्ड्याशी दोन्या सेल्सा भरपूर रडली. रडून झालं, तिने नाक पुसलं, मी तिला हाताला धरून वळवायला लागले, तर हात सोडवून म्हणाली, “थांबा. हे माझं झालं. आता निमियाचं.” आणि पुन्हा पहिल्यापासून रडली, तुझ्या आवाजात, तू लहानपणी हुंदके गिळत रडायचीस ना, अगदी तसं. फादरही थांबले. तेव्हा तू नव्हतीस असं मी तरी कधी धरलं नाही.

आता खरं कारण सांगते. आईच्या क्रुसावर अजून तेच कापड आहे, घाईत दुकानातून आणलेलं नायलॉनचं, सेल्साने बांधलेलं. दर नोव्हेंबरात मृतात्म्यांच्या दिवशी मी जाते, चुना लावते, गवत काढते आणि कापडाला हात न लावता परत येते. ते फाटून दोरा झालं आहे. “मास्तरीणबाईंच्या आईच्या अंगावर लक्तरं,” असं सेल्सा मला तोंडावर म्हणते आणि मी म्हणते, राहू दे. कारण क्रुसाचं कापड मुलींनी बांधायचं असतं, आणि मुली दोन आहेत. आईची विणायची लाकडी चौकट मी काढली आहे, त्यावर पांढरं कापड ताणलं आहे, वर्तुळं पेन्सिलने आखली आहेत. त्यापुढे माझे हात चालत नाहीत. मला मदरनी टाके शिकवले, आईच्या हातची पेरूच्या फुलाची वीण तू एकटी शिकलीस. नोव्हेंबर अजून लांब आहे, पूल उघडा आहे, तुझी खोली झाडलेली आहे. महिना पूर्ण करणाऱ्या सहा जणींत मी आहे, हे तू पाहिलंच असशील. शेवटच्या दिवशी मी एकच वाक्य लिहिलं, आपल्या भाषेत: या नोव्हेंबरात आईच्या क्रुसाला नवं कापड बांधणार आहोत. सुरुवातीचा एक शब्द मोकळा सोडला आहे. मिर्ताला वाटतं माझ्याकडून तो गळला, आणि तिथे काय यायला हवं ते ती रोज मला व्याकरणासह कळवते. सेल्सा म्हणते, “मास्तरीणबाई, म्हाताऱ्या झालात.” मी कोणालाच काही सांगितलेलं नाही. ती जागा भरणं माझं काम नाही. तू तिथे जा, निमिया, नाव घालू नकोस हवं तर, आणि एक शब्द लिही.

तुझीच,
सुनिल्दा