भोंग्यानंतरचा गोल

आबा, आज मी साहेबापुढं खरं बोलले आणि आपलं मैदान गेलं.

तुम्ही असता तर म्हणाला असता, बरं केलंस. क्लबचा सेक्रेटरी म्हणतो, वाटोळं केलंत. मला दोघांचंही धड पटत नाही म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतची माझी शाळा, अक्षर कोंबडीच्या पायाचं, आणि तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. पण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी ही गोष्टच नाही. मधलं तुम्हाला काही ठाऊक नाही, तेव्हा ते आधी सांगते.

कंपनीच्या क्लबात टीव्ही आला त्याला पाच-सहा वर्षं झाली. लाकडी पेटी, तिला सरकतं दार, दाराला कुलूप, किल्ली सेक्रेटरीच्या करगोट्याला बांधल्यासारखी कायम त्याच्याजवळ. पेटीत बसल्या जागी सिनेमा दिसतो. रविवारी संध्याकाळी पिक्चर लागला की हॉलात पाय ठेवायला जागा नसते, बाया पोरं मांडीवर घेऊन बसतात. क्रिकेट लागलं की खिडकीच्या गजांना माणसं लटकतात. आणि फुटबॉल लागला, कधी कलकत्त्याचा, कधी साता समुद्रापलीकडचा, की माणसं उठतात. पहिल्या वर्षी तशी गर्दी व्हायची, खोटं का बोलू. मग एकेक रांग कमी झाली. मी दारातच चहा ओतते, मला तोंडं दिसत नाहीत पण पाठी दिसतात, आणि पाठ खोटं बोलत नाही. आता सात पाठी उरल्यात. त्यातल्या दोन घोरत असतात.

हे नव्या लेबर ऑफिसरच्या कानावर गेलं. पुण्याचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. तो म्हणाला, पेटीत फुकट दाखवलं तरी लोक फुटबॉल बघत नाहीत, मग एवढं मोठं मैदान मोकळं ठेवायचं कुणासाठी? कामगारांकडं आता स्कूटर झाल्यात, तिथं पत्र्याचा स्कूटर स्टँड घालू. आणि मैदानाच्या कोपऱ्यात माझी टपरी आहे, आबा. तुम्ही मिळवून दिलेल्या जागेवर.

सेक्रेटरी गेला महिनाभर माझ्या मागं होता. ओळखता तुम्ही त्याला. पॅटर्न शॉपमधला, आपल्या टीमचा लेफ्ट आउट. आता टक्कल पडलंय, पोट सुटलंय, पण मैदानाचा विषय काढला की डोळ्यांत पाणी येतं. म्हणाला, "ताई, साहेब तुम्हालाच विचारणार. चहा तुम्ही देता, डोकी तुम्हाला माहीत. चाळीस म्हणा."

"चाळीस कुठनं आणू?"

"आणायची नाहीत हो, नुसती म्हणायची आहेत."

मी म्हटलं, बघू. आणि तीन रविवार मी उठणाऱ्या एकेकाला दारात धरून विचारलं, का रे बाबा उठलास? क्रेनवाला म्हणाला, "ताई, बॉल दिसतोय का तुम्हाला? मुंग्यांत सोडलेली मुंगी." दुसरा म्हणाला, "ते खेळायचाच पगार घेतात. मी माझा घसा का फोडू?" तिसरा बोलला ते मला पटलं. "इथनं शिवी दिली तर तिथं पोचत न्हाई. मग मजा काय?" पण उठताना कुणी मागं वळून विचारलं नाही, किती झाले रे? ते माझ्या ध्यानात राहिलं. क्रिकेटला माणूस चार वेळा उठून बाहेर येतो, चहा पितो, आत जाताना विचारतो, कोण गेला? आणि दहा जण सांगायला तयार असतात. तिथं सांगायला जागा आहे. मला एकदम आपला पाळीचा भोंगा आठवला.

मी सासरहून परत आले तेव्हा वीस वर्षांची होते. आई नव्हती. एक खोली, एक स्टोव्ह, तुम्ही आणि मी. तुम्ही "का आलीस" असं एकदाही विचारलं नाही. आठव्या दिवशी पिंपरीच्या बाजारातून पितळी किटली आणलीत, माझ्यापुढं ठेवलीत आणि म्हणालात, "साहेबाला इचारलंय. बुधवारी मॅचला च्या इकायचा. रडत बसायचं न्हाई." झालं. तेवढंच बोलणं.

बुधवारची मॅच पावणेतीनला सुरू होते. मैदानाला सगळी दुसऱ्या पाळीची माणसं, हातात डबे, कामाचे कपडे. साडेतीनला भोंगा वाजतो. तोच हाफटाइम. रेफरी हाफटाइमची शिट्टी मारतच नाही, मारली तरी ऐकतंय कोण. भोंगा झाला की तुम्ही सगळे गेटकडं पळता आणि आतून पहिली पाळी बाहेर येते, तेलकट हात पुसत. गेटात दोन्ही पाळ्या एकमेकांना घासून जातात आणि नुसता कालवा.

"किती?"

"एक-एक. उजवीकडनं दाबा म्हणावं."

"गोली कसा हाय?"

"झोपलाय!"

आता ही दुसरी माणसं दुसरा हाफ बघणार. पुरी मॅच कुणालाच दिसत नाही. ज्यानं पहिला बघितला त्याला दुसरा दुसऱ्याकडनं घ्यावा लागतो, आणि ज्यानं दुसरा बघितला त्याला पहिला. म्हणून आठवडाभर कॅन्टीनात, संडासाच्या रांगेत, बसच्या दांड्याला लोंबकळत तेच बोलणं. मारवाड्याच्या दुकानात मी साखर आणायला गेले तरी, काय हो, काल शेवटी काय झालं? तुम्ही तर भट्टीवर कायम दुसऱ्या पाळीला. अख्ख्या जन्मात तुम्ही दुसरा हाफ बघितला नाही. तो मी बघायची. सकाळी तोंड धुवायच्या आत तुम्ही स्टोव्हजवळ येऊन बसायचे आणि म्हणायचे, "हां, बोल."

मी बोलायची. हळूहळू जरा मीठमसाला घालायला लागले. तुमचं तोंड उजळायचं ते मला आवडायचं. एकदा मी सांगितलं, आपल्या गोलीनं पेनल्टी दोन्ही हातांनी धरली. तुम्ही ते गेटात सांगितलंत. आणि पहिल्या पाळीतला, लेथवरचा एक जण सगळ्यांत म्हणाला, "धरली कसली, खांबाला लागली. तुमची लेक च्या ओतीत व्हती." दुसऱ्या दिवशी सव्वातीनला मला म्हणालात, चल. गेटाजवळ उभं केलंत. भोंगा झाला, लोंढा बाहेर आला, आणि त्या लेथवाल्याला हाताला धरून तुम्ही थांबवलंत. मला म्हणालात, "सांग ह्यास्नी." मी मान खाली घातली. नवऱ्यानं टाकलेली म्हणून आधीच लोक बघायचे, आता दोन पाळ्या माझ्याकडं बघताहेत. तुम्ही परत म्हणालात, "सांग." मी म्हटलं, मी बघितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "मोठ्यानं." मी मोठ्यानं म्हटलं. घरी जाताना एकटीच गेले, आणि तुमचा एवढा राग आला की दोन दिवस तुमच्या डब्यात मिरचीचा ठेचा दिला नाही. पण तुम्ही जाताना म्हणाला होतात तेही विसरले नाही. "अर्धं बगितलं तर अर्धंच सांग. मान्सं आपल्या डोळ्यानं बगत्यात."

तुम्ही गेल्यावर कंपनीनं बाहेरून खेळाडू आणले. कागदावर फिटर, हाताला तेलाचा डाग नाही. त्यांना पाळी नाही, म्हणून मॅच संध्याकाळी पाचला गेली. हाफटाइम शिट्टीवर आला. दुसरी पाळी आत अडकलेली, पहिली पाळी कधीच घरी गेलेली. ते खेळायचे झकास, अगदी पेटीतल्यासारखे. पण कुणाचा शेजारी नाही, कुणाच्या बाजूच्या मशीनवरचा नाही. तीन-चार वर्षांत टीम बंद. मग ही पेटी आली.

हे सगळं आज साहेबाला सांगायचं असं मी ठरवून गेले होते. सकाळी अकरा वाजता बोलावलं. पंख्याखाली साहेब, बाजूला सेक्रेटरी घाम पुसतोय. साहेब म्हणाला, बसा. मी बसले नाही.

"बाई, रविवारी फुटबॉलला किती लोक असतात?"

सेक्रेटरी माझ्याकडं बघतोय. त्याचे ओठ हलताहेत, चाळीस. चाळीस म्हटलं असतं तर टपरी राहिली असती, गोलचे खांब राहिले असते. काय अवघड होतं? पण मला गेटातला तो लोंढा दिसला आणि तुमचा हात दिसला. मी म्हटलं, "सात."

सेक्रेटरीनं डोळे मिटले. मी घाईनं पुढं म्हटलं, "पण साहेब, त्याचं कारण ऐका. पेटीत मॅच पुरी दिसते, म्हणून लोक उठतात."

"म्हणजे अर्धी दाखवली तर बसतील?" साहेब हसला.

"हसू नका. पुरी दिसली की दुसऱ्याला विचारायचं काय उरतं? साडेतीनच्या भोंग्याला हाफटाइम धरून, पाळीतली माणसं घेऊन एक बुधवार मॅच लावा. गर्दी नाही झाली तर माझी टपरी मी स्वतः उचलते."

त्यानं ऐकून घेतलं, वाईट माणूस नाही तो. म्हणाला, आता पाळीतल्या माणसांना खेळायला मोकळं सोडता येत नाही, प्रॉडक्शन आहे. मग कागदावर सात लिहिलं. इंग्रजी आकडे मला वाचता येतात. "ठीक आहे. पुढच्या महिन्यात स्टँडचं काम धरू. तुमच्या टपरीला गेटाजवळ जागा बघू."

बाहेर आल्यावर सेक्रेटरीनं मला सायकल स्टँडपाशी गाठलं. "ताई, एक शब्द खोटा बोलला असतात तर काय बिघडत होतं तुमचं?"

"माझं काय राहिलंय बिघडायचं? माझीच टपरी आहे तिथं."

"मी तर अठरा वर्षं बोलतोय." तो एकदम खाली बसला, सायकलींच्या मधेच. "तो फायनलचा गोल. दोघांना चकवून, डाव्या पायानं, खांबाच्या आतल्या बाजूनं. अहो, मी खाली पडलो होतो. बॉल माझ्या गुडघ्याला लागला आणि गेला. गोलपुढं एवढा धुरळा, कुणालाच नीट दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी गेटात तुमचे आबा सगळ्यांना सांगत होते, असा मारला, तसा मारला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी नाही म्हणालो नाही." मग वर बघून म्हणाला, "आबांना कुणी सांगितलं असेल हो तसं?"

मी म्हटलं, "असेल कुणीतरी." आणि किटली उचलून निघाले.

आबा, त्या फायनलच्या बुधवारी भोंगा झाला, तुम्ही आत गेलात, आणि माझा नवरा मैदानाच्या कडेला उभा होता. न्यायला आला होता. लोकांपुढं तमाशा नको म्हणून मी त्याला ह्याच सायकल स्टँडच्या मागं नेलं. अख्खा दुसरा हाफ तो बोलत होता, मग रडत होता, मग दात खात होता. मी नाही म्हणत होते. त्यानं माझं मनगट पिळलं तेव्हाच पलीकडून आरडाओरडा झाला, टोप्या वर उडालेल्या दिसल्या, तेवढाच मला गोल दिसला. त्या ओरड्यानं तो दचकला आणि हात सुटला. गेला, परत आला नाही. सकाळी तुम्ही स्टोव्हजवळ बसलात, म्हणालात, "हां, बोल." मनगट पदराखाली होतं. दिसलं नाही म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, कुठं होतीस? आणि मग तुम्ही कोयता घेऊन त्याच्या गावाला गेला असता. म्हणून मी दोघांना चकवलं, डाव्या पायानं मारला, खांबाच्या आतल्या बाजूनं घातला. तुम्ही तो गोल गेटात सांगितलात, भट्टीवर सांगितलात, शेवटी दवाखान्यात श्वास पुरत नव्हता तरी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होतात. मी उशाशी बसून होते. एकदा तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "हिनं डोळ्यानं बगितलाय." मी मान हलवली.

हे टपालात टाकायचं कुठं? वही किटलीखाली ठेवीन. पुढच्या महिन्यात खांब उपटतील. त्याच्या आधी, तुम्ही गेटात म्हणायला लावलंत ते परत एकदा म्हणते, मोठ्यानं म्हणते, शेजारणीला ऐकू जाऊ दे. मी बघितलं नव्हतं.