भट्टीपुढचा पंखा

८ फेब्रुवारी १९९४, मंगळवार
अप्पा आज पुन्हा: "सुगुणाला अक्का म्हण. मोठी आहे ती तुझ्याहून." एका वर्षाने मोठी! मेलो तरी म्हणणार नाही. नावाने हाक मारायची चोरी, अक्का म्हणायचं नाही, म्हणून मी तिला हाकच मारत नाही. टेबलापुढे जाऊन उभा राहतो. ती वर बघते. तेवढं पुरतं.
(पुरत नाही.)
ही वही बाळबोध अक्षरात लिहितो ते बरं. घरात सगळे मराठी बोलतात, पण लिहिणं-वाचणं तमिळ. धाकट्या शांतीने परवा उघडली होती. "अण्णा, एवढ्या मुंग्या कशाला काढल्यास?" असू देत मुंग्या.

११ फेब्रु.
दिवाळीपासून भीमराव सरांच्या लॅबमध्ये अटेंडर. त्याआधी एम.एस्सी.च्या फायनलला होतो. लेक्चररने फेकलेला डस्टर मी त्याच्याच अंगावर परत फेकला, माफी मागणार नाही म्हटलं, घरी आलो. गल्लीत कोणी बोलेना. सर अप्पांचे शाळासोबती. येऊन म्हणाले, "डोकं तापट आहे याचं, पण हात थरथरत नाही. मला द्या." वर हेही की जूनमध्ये परत नाव घालायचं, प्रिन्सिपलशी ते बोलतील. मी हो म्हटलं नाही, नाहीही नाही.
काम असं. सुगुणा (यापुढे सु.) सरांकडे एम.फिल. करते. मँगनीजच्या पुडीची काळी गोळी भाजून काढते, मेदुवड्यासारखी, मध्ये भोक, पण नखाएवढी. मी तिच्यावर तांब्याची तार गुंडाळतो, भट्टीत ठेवतो, मीटर वाचतो. तापत गेली की एका ठिकाणी गोळीतलं चुंबकपण जातं. गार होताना परत येतं. जातं तिथेच परत येतं की उशिरा, एवढ्यासाठी सगळी खटपट.
सर: "तिथेच आलं तर साधा मामला, जगाला ठाऊक आहे. पण बरंच खाली उतरल्यावर आलं, तर आत मोठी उलथापालथ. आमच्या सेतूसारखी. एकदा रागाने बाहेर पडला की जेवायच्या वेळेला काही येत नाही."
सु. हसली. ती हसली म्हणून मीही.
तापवायचं जितक्या सावकाश, गारही तितक्याच सावकाश. एक अंश, थांब, वाच. भट्टी चालू असताना पंखा बंद. तंजावुरात! शर्ट पाठीला चिकटतो तो संध्याकाळीच सुटतो.

१६ फेब्रु., बुधवार
सु. आली नाही. सर परीक्षेच्या कामाला जाताना सहज म्हणाले, "आज तिला बघायला बेंगळूरची मंडळी येतायत. मुलगा कंप्यूटरमध्ये आहे. तू एकटाच आहेस, नीट कर."
चार वाजता येणार होते. तीनला भट्टी वर जाऊन पोचली होती, आता उतरवायची. म्हणजे दिवे लागेपर्यंत तिथे बसून एक अंश, थांब, वाच.
डोकं फिरलं. भट्टीचं झाकण काढलं. सरांच्या टेबलावरचा पंखा आणून पुढे ठेवला, जोरात लावला. आकडे धडाधड उतरले, मी धडाधड लिहिले, आलेख काढून ठेवला. सायकल काढली, राजवाड्यामागच्या सु.च्या गल्लीत पोचलो.
काय मिळवलं? घरासमोरच्या टपरीवर गोटी सोडा पीत उभा होतो. पांढरी गाडी. गाडीला डावा पाय टेकवून उभा ड्रायव्हर. आतून कुणाचं तरी हसणं. दुकानदार: "काय तंबी, नवरामुलगा तुझ्या ओळखीचा का?"

१७ फेब्रु.
सु. आली. बेंगळूरवाल्यांना पसंत आहे. तिने घरी अट घातलीय, आधी एम.फिल. पुरं करीन. वडील म्हणाले मे महिन्यापर्यंत थांबू.
मी खूश. मग सर आले.
कालचा आलेख बघून उभेच राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सेतू. हे परत येताना नऊ अंश खाली आलंय."
तेव्हाच कळलं मला. तापमान मोजायची तार भट्टीच्या भिंतीला टेकलेली असते. वाऱ्याने भिंत गार पडली, गोळी आत गरमच. चुंबकपण आपल्या जागीच परत आलं असणार, आकडा मात्र भिंतीचा, खालचा. उलथापालथ गोळीत नव्हती. पंख्याची होती.
"पुन्हा पाहिलंस?" सरांनी विचारलं.
"हो सर."
"दोनदा?"
"दोनदा. तसंच येतं."
का म्हणालो? पंखा लावला म्हटलं असतं तर चार शिव्या. तेवढ्याच. पण का घाई होती, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि सु. तिथेच उभी होती.

१९ फेब्रु.
सरांनी ती गोळी खलात घालून स्वतः कुटली. पूड बाहेरगावी क्ष-किरण तपासणीला पाठवायची, आत काय रचना आहे बघायला. मी खल धरला होता. आताच सांगितलं तर गोळी आहे, परत लावून बघता येईल, असं मनात येईपर्यंत पूड झाली.
आता ती गोळी या जगात नाही. आलेख आहे.

२ मार्च
सु. नवीन गोळ्या करते आहे. तीच पुडी, तेच माप, तीच भाजणी. मी भट्टी लावतो, झाकण बंद, पंखा बंद, अगदी नियमाने. जिथे जातं तिथेच परत येतं. साधा मामला.
सर आज चिडले. "पहिली गोळी तूच केलीस ना? मग हाताला काय झालं? मिश्रण किती वेळ घोटलंस?"
"तेवढंच, सर."
"तेवढंच असतं तर तसंच आलं असतं!"
ती खाली बघत होती. हातावर काळी पूड. मी तार गुंडाळत होतो, तुटली. दुसरी घेतली, तीही.

९ मार्च
सु. मला बाहेर भेटली. म्हणजे तीच थांबली, सायकल हातात धरून, कालव्याच्या पुलावर. स्वप्नात असंच असतं. फक्त स्वप्नात ती रडत नसते.
घरी वडील म्हणतायत, तीन आठवडे तेच तेच भाजतेस, जमत नसेल तर सोड, बेंगळूरवाले कायम थांबायचे नाहीत. आणि लॅबमध्ये सर असे. "मी रोज वजन करताना देवाचं नाव घेते, सेतू. हसू नको. फिजिक्सवाली असून."
मी हसलो नाही.
"तू एकटाच मला मूर्ख समजत नाहीस."
याच्यासाठी दिवाळीपासून जीव टाकत होतो. ती स्वतः होऊन बोलतेय माझ्याशी, आणि बोलतेय का, तर मी तिचा गळा दाबून ठेवलाय म्हणून. पुलावरून उडी मारावीशी वाटली. कालव्यात पाणीही नव्हतं.
सांगितलं नाही. आणखी थोडा वेळ उभी राहावी, एवढंच वाटत होतं. शी.

१५ मार्च
मदुरैला परिषद आहे, ३१ तारखेला. सरांना बोलायला वीस मिनिटं दिलीत. पारदर्शक कागदांवर ते स्वतः आलेख काढतायत, लाल नि निळ्या पेनने. माझा आलेख. त्यांची रेघ सुंदर येते.
मामींनी (सरांच्या पत्नी) घरून डब्यात दध्योदन, म्हणजे दहीभात, पाठवलं होतं, माझ्यासाठीसुद्धा. निरोप: "त्यांना म्हणावं, अंघोळ करताना गाणं म्हणतायत ते पुरे, पाणी संपतं."
एवढी वर्षं या एका भट्टीवर काढली या माणसाने. मोठ्या संस्थांतले लोक हेलियम घेऊन बसतात; यांच्याकडे कुंभाराकडून करून घेतलेली नळी. पहिल्यांदा काही तरी आलंय, ते माझं खोटं आहे.
जाताना खांद्यावर हात: "जूनचं लक्षात आहे ना? बोललोय मी प्रिन्सिपलशी."
तो हात झटकून पळावंसं वाटलं.

२२ मार्च, मंगळवार
आज ठरवून गेलो. बोलून जमत नाही, तर दाखवतो. सु.च्या नव्या गोळीवर पंखा लावायचा, तिला समोर बसवायचं, आलेख काढायचा. बघ, हे असं झालं होतं. तुझा हात चांगला आहे.
ती पुस्तक आणायला ग्रंथालयात गेली होती. म्हटलं, येईपर्यंत लावून ठेवू. झाकण काढलं, पंखा लावला. आकडे उतरायला लागले, मी ते आलेखावर मांडत गेलो. पुन्हा तेच, नऊ अंश खाली, थोडं जास्तच.
आणि व्हरांड्यात सरांच्या चपला वाजल्या.
माझा हात. मी सांगितलं नव्हतं त्याला. त्याने पंखा बंद केला, उचलून टेबलावर नेऊन ठेवला, झाकण लावलं.
सर वाकले. आलेख बघितला. मग मोठ्याने, कॉलेजभर ऐकू जाईल असं: "सुगुणाऽ! अगं आलं! तुझ्या गोळीत आलं!"
ती धावत आली. पुस्तकं खाली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलो मी. फार बोललो तुला."
ती हसत होती आणि रडत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या हाताला यश आहे."
मी "हो" म्हणालो. "हो" म्हणालो!

२३ मार्च
सु.ने तिरुवैयारहून अशोका हलवा आणला. मुगाच्या डाळीचा, केळीच्या पानात बांधलेला, तूप सुटलेला. पहिला घास मला. खाल्ला. दुसराही खाल्ला. कुठल्या तोंडाने, असं म्हणतात, याच तोंडाने.
वडिलांना सांगितलं म्हणे तिने, काम जमलं, मेच्या आत लिहून होईल.

२६ मार्च, शनिवार
सांगितलं.
लॅबमध्येच. सर तिकिटासाठी स्टेशनला गेले होते. ती तिच्या प्रबंधात तो आलेख चिकटवत होती, डिंकाची बाटली हातात. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिने वर बघितलं, नेहमीसारखं.
सगळं, एका दमात. पंखा. दोनदा पाहिलं म्हणालो ते. मंगळवारचं. का ते पण. पांढरी गाडी.
तिने बाटलीचं झाकण फिरवून घट्ट लावलं.
"पुलावर मी रडत होते तेव्हा तुला माहीत होतं."
"हो."
"आणि तू नुसता समोर उभा होतास."
"हो."
"माझ्यावर जीव आहे म्हणून केलंस म्हणतोस. माझ्यावर जीव असता तर त्याच दिवशी बोलला असतास. तुझा जीव तुझ्या उभं राहण्यावर आहे."
तापट म्हणून एवढा प्रसिद्ध मी. राग येईना.
म्हटलं, "सरांना मी सांगतो. तुझ्यासाठी."
"माझ्यासाठी काही करू नकोस आता. खोटं बोललास म्हणून सांग. नाहीतर नको सांगू." चिकटवलेला आलेख तिने ओला होता तोवर सोडवला. कागदाचा वरचा थर निघून आला.

२७ मार्च, रविवार
सकाळीच सरांच्या घरी. दारातल्या तिण्णैवर, ओट्यावर, बसून पेपर वाचत होते. बाजूच्या घरात टी.व्ही. मोठ्याने. बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं.
ते ओरडतील या तयारीने मी गेलो होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं.
"पंखा कुठल्या बाजूला होता?"
"डावीकडे, सर."
"झाकण?"
"काढलं होतं."
"मंगळवारीही?"
"मंगळवारीही."
"आणि पहिल्या वेळी, दोनदा पाहिलं म्हणालास."
"एकदाच पाहिलं होतं."
मामी कापीचा पेला घेऊन आल्या. सर म्हणाले, "त्याला दे," आणि पेपर घडी करून आत गेले. मामी तिथेच थांबल्या. "काय झालं रे? मदुरैचं तिकीट मिळालं नाही का?" मी मान हलवली, हो की नाही कोण जाणे. पेला तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. जीभ भाजली. त्या म्हणाल्या, "सावकाश रे बाळा, कोण मागे लागलंय?"

२८ मार्च, सोमवार
लॅबला जायचं की नाही, सकाळभर. अप्पांना अजून काही माहीत नाही. गेलो.
सर आधीच आलेले. सु. पण. ती खिडकीकडच्या स्टुलावर, पाठ इकडे. सरांनी टेबलावर गोळी ठेवली, तीच मंगळवारची. एवढंच म्हणाले, "तार गुंडाळ."
गुंडाळली. भट्टी लावली. पारदर्शक कागदांचं पुडकं टेबलावर होतं, दोऱ्याने बांधलेलं. त्यांनी ते बॅगेत भरलं नाही, फाडलंही नाही. परिषद गुरुवारी. ते जाणार आहेत का, जाऊन काय बोलणार, विचारायची माझी छाती नाही. जून तर दूरच.
तापवून झालं. गार करायला लागलो. एक अंश, थांब, वाच.
"एकोणनव्वद, सर. मीटर अकरा."
इतके महिने मी वाचलं की सर लिहीत. मान वर न करता.
"पुन्हा वाच."
"अकरा."
ते उठले, चष्मा लावला, माझ्या बाजूने वाकून स्वतः मीटर बघितला. मग लिहिलं.
"अठ्ठ्याऐंशी. मीटर साडेतेरा."
"पुन्हा वाच."
वाचलं. ते पुन्हा उठले.