गळ्यात पडलेली पहिली ते चौथी

उंद्री, रविवार दुपार

श्री. देवानंदभाऊंना हरिओमचा मनापासून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मला सोडून. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? वहिनींनी दिलेले पापड संपत आले आहेत (हे आपलं माहितीसाठी). तुमची बहीण मजेत आहे. ओट्यावरून उतरताना पुष्पांजलीचं घोट्याचं हाड तडकलं, चिखलीला प्लास्टर घातलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही तिच्या पायाची चौकशी करता, देऊळगाव राजाहून डाळिंबं पाठवता, ते योग्यच आहे. पण त्या पायामुळे खरा जायबंदी कोण झाला, हे कोणीच विचारत नाही, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळं पलंगापर्यंत ऐकू जातं.

तिची वस्तीवरची शाळा तुम्ही पाहिलेली आहे. दोन खोल्या, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. ती पडली आणि गोकुळ सर एकटे उरले. त्यांनी भाषा, खिचडी आणि ऑनलाइन माहिती भरणं स्वतःकडे ठेवलं आणि गणितासाठी गावातून कोणीतरी द्या म्हणाले. समितीच्या बैठकीला मी गेलो होतो ते फक्त गेटच्या राहिलेल्या कडीबद्दल विचारायला (शाळेचं गेट माझ्याच वेल्डिंगच्या दुकानात झालं). तिथं सहज बोलून गेलो की चौथीपर्यंतच्या गणितात असं असतं काय, कोणीही शिकवील. अध्यक्ष युसूफभाई लगेच म्हणाले, "मंग शिकवा ना हरिओमभाऊ, तुमाले कोनं अडवलं?" मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

पहिलीला वस्तू मोजायच्या असतात. पुस्तकात फुगे आणि चेंडू काढलेत. मी म्हटलं, चित्रं कशाला, खरी वस्तू देऊ, आणि बोरं घेऊन गेलो. नऊ बोरं मांडली, फळ्यावर नऊ लिहिले, वळून पाहतो तर सात. सात लिहिले, वळलो तर चार. वजाबाकीचा धडा अजून पुढे होता, पण वर्गाची तयारी आधीच झालेली होती. घरी सांगितलं तर पुष्पांजली म्हणाली, "खडे न्यायचे असतात." (हे सकाळी सांगायला तोंडाला काय प्लास्टर होतं?)

दुसरीनं मात्र मला आडवं केलं. आपल्या वेळी एकवीस म्हणजे एकवीस होतं. आता पुस्तकात वीस एक असंही आहे, पोरांना दशक आधी ऐकू यावा म्हणून. चांगलंच आहे. मी त्रेसष्ट म्हटलं की अर्धा वर्ग छत्तीस लिहितो आणि साठ तीन म्हटलं की सगळे बरोबर लिहितात. पण मग तीच पोरं घरी साठ तीन म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणाची तरी आजी शाळेत येते. एकदा रुखमाबाई आल्या आणि दारातूनच, "काऊन रे हरिओम, लेकराले मराठी कोनती शिकवून राह्यला?" म्हणून सगळ्या वर्गासमोर माझा उद्धार करून गेल्या.

त्यानंतर आली बत्तीस वजा आठ. मला जसं शिकवलं तसं मी शिकवलं : दोनातून आठ जात नाहीत, शेजारच्या तिनाकडून एक उसना घ्या. मलिहा नावाची एक बारकी पोरगी पहिल्या रांगेत बसते. तिनं विचारलं, "सर, वापस कवा द्याचा?" म्हटलं, वापस द्यायचा नसतो. "मंग उसना काऊन म्हनता?" भाऊ, तुम्ही बी.एस्सी. आहात, तुम्हीच सांगा काय उत्तर देणार. मी पाणी प्यायची सुट्टी दिली आणि मोटरसायकल काढून घरी आलो. पुष्पांजली तुमचं डाळिंब खात पडली होती. म्हणाली, उसना म्हणायचंच नाही, दशक सुटा करायचा, दहा काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवायचा. मी दुकानातून वेल्डिंगचे रॉड घेतले, दहा-दहाचे गठ्ठे तारेनं बांधले आणि वर्गात नेले. एकाही पोराला गठ्ठा सुटेना. मलाही सुटेना (तार पकडीनं पिळली होती आणि पकड दुकानात राहिली होती).

तिसरीला अपूर्णांक. माझ्या डब्यातल्या भाकरीचे अर्धे केले, पाव केले. संघर्ष नावाच्या पोराचं म्हणणं पडलं की त्याचा पाव बारका आहे आणि पुस्तकात 'समान भाग' लिहिलंय. समान करता करता माझ्या जेवणाचा पार चुरा झाला. चौथीला परिमिती शिकवायला मी गेट मोजायला लावलं. ही बुद्धी मला कोणी दिली देव जाणे. दोन पल्ल्यांची, म्हणजे झडपांची, परिमिती वेगवेगळी आली. पोरांनी तीनदा मोजली, आणि मागे युसूफभाई उभे होते.

आता कहर ऐका. बुधवारी केंद्रप्रमुख न सांगता आले. त्यांनी नेमकी मलिहाला उभी केली आणि बावन्न वजा सत्तावीस विचारलं. पोरीनं गठ्ठा सोडला (आता मी सुतळी वापरतो), पंचवीस म्हणाली. साहेब खूश. मग विचारलं, "आणि एखादं गणित आलंच नाही तर?"

"मंग सर मोटरसायकलवर जातात अन् बाईले विचारून येतात."

गोकुळ सर छताकडे पाहू लागले. मी म्हटलं, चला, सुटलो, आता हे हाकलतील. पण साहेब पोट धरून हसले, माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, विचारून शिकवणारा माणूस मिळाला, सोडू नका. भाऊ, तो माणूस नुसता एकदा रागावला असता तर आज मी माझ्या दुकानात असतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा वैतागलेला,
हरिओम

ता. क. मुद्द्याचं लिहायचं राहिलं. प्लास्टर केव्हाच निघालं आहे. मी घरात असलो की ती लंगडते, आणि मी शाळेत गेलो की गच्चीवर जाऊन मिरच्या वाळत घालते. शेजारच्या पूनमवहिनींनी पाहिलंय. तुम्ही थोरले भाऊ आहात, तुमचं ती ऐकते. फोन करून सांगा की आता बस झालं, शाळेत जा.

आणखी एक. फोन लगेच करू नका. चौथीतल्या एका पोरीनं विचारलंय की शून्य सम की विषम. वर्गात दोन तट पडलेत आणि मी तीन दिवस 'उद्या सांगतो' म्हणतोय. तेवढं उत्तर, कारणासकट, उलट टपाली कळवा. पुष्पांजलीला यातलं काही बोलू नका. ती आधी शाळेत गेली तर ती सांगून टाकील, आणि ते मला सांगायचंय.