चर्चच्या चाळीस खुर्च्या

आदरणीय कुओलमामा,

तुमची भाची अलुएल हिचा तुम्हा सर्वांना नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामी कशा आहेत? सुना, नातवंडं, सगळी ठीक ना? नदीचं पाणी या वर्षी गोठ्यापर्यंत आलं नाही ना? आणि त्या पांढऱ्या तोंडाच्या बैलाचं एक शिंग तुम्ही पुढे वळवत होतात, ते वळलं का? तो तुमच्या हाकेला अजून मान वर करतो का? (मागच्या पत्रात मी बैलाची चौकशीच केली नव्हती म्हणून तुम्ही रागावला होतात, असं आई म्हणाली. या वेळी त्याला दोन वाक्यं दिली आहेत, मामींना एकच.)

आम्ही इथे सुखरूप आहोत. मेलबर्नमध्ये थंडी सुरू झाली आहे आणि आई घरातही कोट घालून फिरते. बाबा अजून भाजीच्या कारखान्यात गाजरं निवडतात आणि दर रविवारी चर्चमध्ये ढोल वाजवतात. हे पत्र मी गावी येणाऱ्या अतेमकाकांबरोबर पाठवते आहे. त्यांच्याकडे बुटांच्या चार बॅगा आहेत. पत्र एका तपकिरी बुटात आहे, उजव्या पायाच्या. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोनवर फक्त "हो, हो" म्हणता आणि नंतर आईला विचारता की पोरगी काय म्हणत होती.

मामा, चूक माझी आहे. तुम्ही चिंचेखाली निवाड्याला बसता तेव्हा लोकांना आधी चूक सांगायला लावता, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. माझ्या एका शब्दापायी आमच्या मागच्या अंगणात चाळीस खुर्च्या मांडल्या गेल्या, एक बकरा कापला गेला आणि बिचारा एक कोवळा पोलीस भलत्याच ठिकाणी पाहुणा म्हणून बसला.

झालं असं. आमच्या घराजवळ बेकरीपाशी एक सर्कल आहे. दोन वर्षांत पोलिसांनी बाबांना त्या सर्कलवर चौदा वेळा थांबवलं. गाडीचे दिवे नीट, कागद नीट, वेग इतका कमी की मागचे लोक हॉर्न वाजवतात. फक्त गाडीतली माणसं उंच आणि काळी. एका रविवारी गाडीत बाबा, अजाककाका (बाबांचे मित्र, गातात कमी आणि बोलतात जास्त) आणि चर्चचे आणखी दोघे होते. पोलिसाने जन्मतारखा विचारल्या. बाबा म्हणाले, एक जानेवारी. काका म्हणाले, एक जानेवारी. मागच्या दोघांचीही एक जानेवारी. आता आपली माणसं पुराच्या वर्षी जन्मलेली, नाहीतर गुरांच्या रोगाच्या वर्षी. निर्वासितांच्या छावणीतल्या कारकुनाला ते कागदावर बसवता येईना, म्हणून त्याने सरसकट सगळ्यांना एक जानेवारी देऊन टाकली. हे पोलिसाला कोण सांगणार? तो म्हणाला, "माझी थट्टा करता?" अजाककाका म्हणाले, "थट्टा कसली साहेब, या वाढदिवसाला. चौघांत एकच केक लागतो." त्या केकपायी चौघांना तासभर रस्त्याच्या कडेला उभं केलं. मग ढोलाकडे बोट दाखवून विचारलं, "यात काय आहे?" बाबा म्हणाले, "आवाज." खरंच बोलले. पोलिसाने वहीत लिहिलं, 'सहकार्य केले नाही.' (ते पान मी नंतर खटल्याच्या कागदांत स्वतः पाहिलं.)

आई तर म्हणते, चौदा वेळा बेकरीसमोर थांबलात, एकदा तरी पाव आणायचा होतात.

मग खटला झाला. आमच्या भागातल्या एकोणीस जणांनी मिळून केला. दोन वर्षं चालला आणि शेवटी तडजोड झाली: प्रत्येकाला भरपाई मिळणार, त्यासाठी एक अर्ज भरून सही करायची. बाबा सही करायला तयार नव्हते. "मला त्यांच्याकडून पावती नको," एवढंच म्हणायचे आणि गाजरं निवडायला निघून जायचे. मी ज्या कायदा मदत केंद्रात काम करते तिथे अर्ज आपल्या डिंका भाषेत करायचं काम माझ्याकडे आलं. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! घरातली पहिली पदवीधर (फोटो तुमच्या भिंतीवर आहेच, टोपी वाकडी आहे तोच), आणि आता माझ्या हातून कायदा आपल्या भाषेत उतरणार. पहिल्याच ओळीत 'भरपाई' हा शब्द. मी फार विचार केला नाही. लिहिलं, अपुक.

आता अपुक म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगावं, हा उद्धटपणाच आहे. पण माझी चूक केवढी ते कळावं म्हणून लिहिते. अपुकात गाई शेवटी येतात. आधी ज्याने नुकसान केलं तो येतो, त्याचे मामा-काका येतात, समोरासमोर बसतात. झालेलं सगळ्यांदेखत मोठ्याने सांगितलं जातं, ते कबूल केलं जातं, आणि मग गाई. इथल्या भरपाईत फक्त गाई येतात, त्याही बँकेत. वर अर्जाच्या शेवटी एक ओळ होती: ही रक्कम देण्याचा अर्थ पोलिसांनी चूक मान्य केली असा होत नाही. तीही मी इमानदारीने भाषांतर करून बारीक अक्षरात टाकली. बाबांना ती छपाईची चूक वाटली. अपुक आहे आणि चूक मान्य नाही, असं कसं असेल? त्यांनी ती ओळ पेन्सिलने खोडली, सही केली आणि अर्ज माझ्या हातात दिला. मला वाटलं, माझ्या भाषांतराने बाबांचं मन वळवलं! मी आनंदाने केंद्रात सगळ्यांना चहा पाजला.

बाबांनी विचारलं, "कधी येणार?" मी म्हटलं, "चौदा तारखेला, शनिवारी, दुपारी." मी पैशांचं बोलत होते.

शनिवारी दुपारी मी घरी गेले तर दारात बाबा कोट घालून उभे. मागच्या अंगणात चर्चच्या चाळीस खुर्च्या, समोरासमोर दोन रांगा. आमची माणसं एका रांगेत, दुसरी रांग रिकामी. बायका तव्यावर किसऱ्याच्या पातळ भाकऱ्या भाजत होत्या, बकरा शिजत होता, आणि पाहुण्यांना घर सापडावं म्हणून बाबांनी फाटकापाशी ढोल वाजवायला लावला होता. वयस्क मंडळींत चर्चा रंगली होती की सर्कलवर थांबवणाऱ्या सार्जंटचे मामा कुठल्या गावचे असतील, आणि इथे एका माणसाला किती गाई पडतात. अजाककाकांनी रकमेचा हिशोब करून दीड गाय काढली होती आणि ते प्रत्येकाला विचारत होते, "अर्धी कोणती देतील? पुढची की मागची? मागची असली तर निदान दूध तरी!"

मला काय झालंय ते कळलं. मी सांगणार, तेवढ्यात कुणाचा तरी फोन टिंग वाजला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. मामा, एका मिनिटात एकोणीस फोन वाजले. ढोल थांबला. लोक खिशातून फोन काढून बघू लागले. बाबांनी फोन बघितला, चष्मा काढला, समोरच्या रिकाम्या रांगेकडे बघितलं आणि मला म्हणाले, "गाई आल्या. माणसं कुठं आहेत?"

मी समोरच्या रांगेतली एक खुर्ची उगाच सरळ केली.

आणि त्याच वेळी फाटकातून एक पोलीस आत आला. खराखुरा, गणवेशातला. कान लाल, वय माझ्यापेक्षा कमी. सगळं अंगण उठून उभं राहिलं. "एकटाच?" अजाककाका म्हणाले. "मामा-काका कुठं आहेत याचे?" त्यावर चर्चमधल्या सगळ्यांत वयस्क न्यानदेंग आजी त्यांच्यावर ओरडल्या, "पोरगं आहे ते, बसू तरी दे! पाणी द्या कुणीतरी!" त्याला रिकाम्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला. त्याने विचारलं, इथे जबाबदार कोण आहे. शेजाऱ्यांनी ढोलाबद्दल तक्रार केली होती, त्यासाठी त्याला जबाबदार माणूस हवा होता. सगळ्यांनी बाबांकडे बोट दाखवलं. बाबा त्याच्यासमोर बसले आणि मला म्हणाले, "सांग त्याला."

बाबांनी चौदाच्या चौदा वेळा सांगितल्या. क्रमाने, त्या दिवशी हवा कशी होती त्यासकट, डिंकातून, मोठ्या आवाजात, जसं तुमच्यासमोर सांगतात तसं. मी इंग्रजीत करत गेले. पहिली वेळ, दुसरी, तिसरी. केकची आणि ढोलाची. मग अकरावी. बाबा म्हणाले, "अकराव्या वेळी माझ्या मुलीला पदवी मिळणार होती. मी हा कोट घातला होता. मला पन्नास मिनिटं थांबवलं. मी पोचलो तेव्हा स्टेजवर एक माणूस खुर्च्या गोळा करत होता."

मामा, मला हे माहीत नव्हतं. बाबा तेव्हा मला म्हणाले होते, पार्किंग मिळालं नाही. मी आठवडाभर अबोला धरला होता. आणि आता मला ते भाषांतर करायचं होतं, 'माझ्या मुलीला' असं म्हणत. मी वाक्याच्या मधेच थांबले. आजी म्हणाल्या, "घाई नको, पाणी पी." मी पाणी प्यायले आणि वाक्य पूर्ण केलं.

चौदावी संपली तेव्हा त्या पोलिसाने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. रीस त्याचं नाव. दोन महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेला, बाबांना एकदाही न थांबवलेला. त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "माफ करा, मी खरं तर ढोलाच्या तक्रारीसाठी आलोय. बाकीचं मला बोलायचा अधिकार नाही." सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मामा, मी कॉलेजात शिकले की दुभाष्याने एक शब्द गाळू नये, एक घालू नये. मी म्हटलं, "तो म्हणतो, माफ करा."

आणि तिथेच थांबले.

अंगणातून एक लांब हुंकार आला. आजी उठल्या, पाण्यात बोटं बुडवून त्याच्या डोक्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. त्याला बकऱ्याचं ताट दिलं. त्याने किसरा हाताने खाल्ला आणि दुसरा मागितला. जाताना फाटकात हळूच मला विचारलं, "मी काय म्हणालो असं तू त्यांना सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात तेच. जरा कमी." तो लाल कानांनी हसला आणि म्हणाला, ढोल तेवढा हळू वाजवा.

एवढंच सांगायचं होतं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा, बैलाला मूठभर मीठ.

तुमची भाची,
अलुएल

ता. क. एवढंच नव्हतं. संध्याकाळी मी आणि बाबा कप धुत होतो. बाबा म्हणाले, "ढोलाचं सांगायला विसरलीस." मी म्हटलं, बाबा, तुम्हाला कळलं होतं? म्हणाले, "चौदा वेळा शिकवणी झाली आहे त्यांच्या इंग्रजीची." आणि त्यांनी त्या दिवशी माझे कपही धुतले.

पुन्हा ता. क. खरं कारण आता लिहिते. इतर भागांतल्या आणखी तीनशे लोकांचे अर्ज छापायला जाणार आहेत. तीनशे अंगणांत खुर्च्या मांडल्या जातील आणि प्रत्येक फाटकातून रीस येणार नाही. अपुक काढून मला दुसरा शब्द घालायचा आहे. मामा, तुम्ही इतकी वर्षं चिंचेखाली बसता. माणसांशिवाय आलेल्या गाईंना आपल्या भाषेत काही शब्द आहे का? लहानसा चालेल. अतेमकाकांबरोबर पाठवा. छपाई त्यांच्या परत येण्यापर्यंत मी थांबवून ठेवली आहे.

मेहुणे, हे मी, अलुएलचा बाप मादुट, लिहितो आहे. बुटात घालण्याआधी पोरीचं पत्र वाचलं. तिला दुसरा शब्द देऊ नका. तिने लिहिलेला बरोबर आहे. माणसं यायची आहेत. खुर्च्या मी अजून चर्चला परत केलेल्या नाहीत.