मुंजाबाच्या तोंडाचं कापड

मी, बद्रीनाथ आप्पासाहेब गवळी, वय एकाहत्तर, धंदा सिनेमाचे बॅनर रंगवणे, राहणार पेटीवाली गल्ली, छावणी, औरंगाबाद, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टर सांगतील. मत्सरही ठिकाणावर आहे, हे मी सांगतो.

१. राहती खोली व पोस्टातली शिल्लक पत्नी सरूबाई हिला. अट एकच: समोर मुंजाबाचे वाजवायच्या पेट्या दुरुस्त करायचे दुकान आहे, तिकडची खिडकी बंद ठेवावी. पोलीस अॅक्शननंतर मी लासूर स्टेशनहून इथे आलो. कव्वाल, बिनकामाचे शायर, फड सोडलेल्या बाया, सारी गल्ली माझ्या ओट्यावर बसायची. मुंजाबाने दुकान थाटले आणि सगळे तिकडे गेले. चहा माझा, वाहवा त्याची. सरूही भाजी निवडायला खिडकीत बसू लागली. माझा जळफळाट झाला, आजही होतो.

२. ब्रश व रंगाचे डबे पानवाल्या चतुराबाईला. तिच्या दुकानाची पाटी मी रंगवली, तरी पहिल्या दिवशी पेटी वाजली मुंजाबाची. असो. पाटीचा रंग उडालाय.

३. एका बॅनरवर खलनायकाला मी मुद्दाम मुंजाबाचे तोंड लावले. वाटले, गल्ली थुंकेल. झाले उलटेच. लोक टांगे करून बघायला आले. कव्वाल ओरडला, "क्या खलनायक है मियाँ! हीरो को कौन देखता?" हार पडले मुंजाबाच्या गळ्यात. सिनेमा उतरला की त्याच कापडावर पांढरा रंग फासून नवा बॅनर काढायचा, ही आमची रीत. मी बादली घेऊन गेलो, तर सरूने तेवढा तुकडा आधीच कापून आणलेला. "पावसाळ्यात दाराला व्हतंय," म्हणाली. तेव्हापासून तो माझ्याच घरात माझ्याकडे बघतोय. तो तुकडा माझ्या चितेवर जाळावा. माझ्या मागे तिने ते तोंड बघत बसावे, हे मला मेल्यावरही सोसणार नाही.

इथवर सरूला वाचून दाखवले. ती म्हणाली, "जाळा की. त्याच्यासाठी नाय ठिवलं म्या. तुमच्या हातचं असं झ्याक काम दुसरं नाय, म्हनून ठिवलं. लई नट्या रंगवल्या तुमी. माझं तोंड कवा रंगवलं?"

मी पुढचे कलम लिहायला घेतले.

४. कलम तीन रद्द. त्या कापडाला आजच पांढरा हात मारतो. वाळले की सरूने समोर बसावे. जे निघेल ते तिचे. तोवर खिडकी बंदच.

छावणी, औरंगाबाद. १२ मार्च १९७८.

सही: बद्रीनाथ गवळी

साक्षीदार:
१. काकासाहेब जाधव, बँडवाले.
२. मुंजाबा शिंगाडे, पेटीवाले. (दुसरा साक्षीदार आणायला सरूला पाठवले होते.)