एबीएसच्या दिव्यावरची देवी

मंगळवार, संध्याकाळ. बोईसर.

आज माझ्या गॅरेजात हरेशला त्याच्या बायकोसमोर धू धू धुतलं. त्याची मासळीची पिकअप. काल केळव्याहून येताना ब्रेक लागलाच नाही, गाडी बाजाराच्या भिंतीवर आदळली. शेजारी बसलेल्या बायकोचा, कुंदाचा, हात मोडला.

गाडीखाली शिरलो. मागच्या चाकाचा ब्रेक पाइप बर्फाच्या खाऱ्या पाण्याने सडून फुटलेला. एबीएसच्या सेन्सरची वायरही तिथेच कुजलेली. मग डॅशबोर्ड पाहिला, तर ब्रेकचा बिघाड दाखवणाऱ्या एबीएसच्या दिव्यावर देवीचं स्टिकर!

"दिवा दिसू नये म्हणून देवी चिकटवतोस? बायकोला मारायला निघालास काय रे?"

चार गिऱ्हाइकं ऐकत होती, म्हणून आवाज आणखी चढवला. मजा येत होती. इथे तरी खोटं कशाला लिहू? हरेश मान खाली घालून उभा. मी स्टिकर नखाने खरवडायला लागलो.

तेव्हा कुंदा म्हणाली, "दादा, देवीला काढू नका. दसऱ्याला तुमीच लावलेली ना? हे बोलले दिवा पेटतोय, तर तुमी बोललात, ब्रेक लागतो ना, मग काय नाय."

आठवलं. पूजेच्या गाड्यांची रांग होती. तेव्हा वाकून चाक बघितलं असतं, तर सडका पाइपही दिसला असता.

आणि मी काय बोललो? "वहिनी, मार हातालाच लागलाय ना? डोक्याला तर नाही?"

गिऱ्हाइकं हसली. देवी मी पूर्ण खरवडून काढली. हरेशला सगळं आठवत असणारच, तरी तो गप्प. त्याची गाडी अजून माझ्या जॅकवर होती.